कॉफीच्या रंगाचा बंपर

सेतुमाधव मामा रोज सकाळी आपल्या गाडीच्या बंपरशी बोलायचे, आणि तेही मराठीत.

हसू नका. चेन्नईत अंबत्तूरला येऊन सहा-सात महिने राहून बघा, म्हणजे कळेल. माझ्या नवऱ्याची, प्रशांतची, इथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बदली झाली आणि आम्ही सांगलीहून बाडबिस्तरा उचलून इथे आलो. मलाही त्याच भागात एका ऑफिसात नोकरी लागली. दूधवाला तमिळ, वॉचमन तमिळ, ऑफिसात इंग्रजी आणि तमिळ. प्रशांत घरी आला की मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो. त्यामुळे मराठी म्हणून माझ्या कानावर पडायची ती माझी स्वतःचीच बडबड. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, खालच्या पार्किंगमधून अगदी स्पष्ट आवाज आला, "अशी कां रुसलीस गे? काल तर बरी होतीस."

मी गॅस बंद केला आणि हातातलं उलथनं घेऊन तशीच जिना उतरले. म्हटलं, खाली कुणी मराठी जोडपं भांडतंय. आधी दोघांना वर आणायचं, पोहे खायला घालायचे आणि मग निवांत भांडण ऐकायचं. खाली येऊन बघते तर बाई नाही नि काही नाही. कपाळाला गोपीचंदन, अंगात बनियन, वेष्टी म्हणजे इथली लुंगीसारखी नेसायची धोतरं, ती गुडघ्यापर्यंत दुमडलेली, असे सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ गाडीपुढे उकिडवे बसले होते आणि भिजवलेल्या पॉलिश पेपरने बंपर घासत होते.

"अगं बाई, तुम्ही मराठी?" मी जवळजवळ किंचाळलेच.

त्यांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग उलथन्याला. "मराठीच. तंजावरचे. आमचे पूर्वज राजासंगें आले, तें परत जायाचें राहूनच गेलें." मग जरा सरकून बसले. "तें असूं दे. इकडे यें, हें पाहून सांग. रंग जुळला कीं नाहीं?"

माझी आणि मामांची ओळख झाली ती अशी. त्यांनी माझं नाव विचारलं ते पुढे पंधरवड्याने. तोवर मी "सांगलीबाई" झाले होते, आणि नाव कळल्यावरही सांगलीबाईच राहिले. इथे शेजारच्या वडीलधाऱ्यांना मामा-मामी म्हणायची पद्धत आहे, तेव्हा मला मामा म्हणायला कुणाला विचारावं लागलं नाही. बाकी सगळी इमारत त्यांना राव सार म्हणायची.

त्यांचं मराठी ऐकायला मोठी मजा. शब्द आमच्या पणजोबांच्या वेळचे आणि चाल सगळी तमिळ. "सगळे" म्हणायचं तर "अस्कीं" म्हणत. "सांगितलं" म्हणायचं तर "सांगट्लं" म्हणत. मी हसले की म्हणत, "तुमचें मराठी नवें, म्हणून तुज हसूं येतें. नवें वाद्य फार वाजतें." मी उलट काही बोलायच्या आत हातात पॉलिश पेपर द्यायचे, की घास जरा हा कोपरा.

आता गाडीविषयी सांगायला हवं. गाडी जुनी, चार दारांची, आणि कॉफीच्या रंगाची. कंपनीने त्या रंगाला काहीतरी सोनेरी वाळूचं इंग्रजी नाव दिलं होतं म्हणे, पण मामांच्या लेखी तो "कापीचा रंग", म्हणजे आटवलेल्या दुधातल्या चांगल्या फिल्टर कॉफीचा. घेताना त्यांनी सगळ्यांत साधं मॉडेल घेतलं. साध्या मॉडेलची खूण अशी, की अंग तेवढं रंगीत आणि बाकी सगळं काळं. बंपर काळे, आरशांची टोपणं काळी, दारांच्या मुठी काळ्या, दारांवरच्या पट्ट्याही काळ्या. महागातल्या गाडीला हेच सगळं अंगाच्या रंगाचं मिळतं. गाडी घरी आली तेव्हा रुक्मामामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, तिला ओवाळलं, लिंबू चाकाखाली ठेवलं आणि ताट हातात तसंच धरून म्हणाल्या, "साडी नवी आणि चोळी उसनी, अशी दिसते."

मामा म्हणाले, "रंगवूं गे."

ते रंगवणं राहिलं ते राहिलंच. गाडी म्हातारी झाली, मामाही झाले. मग आम्ही इथे यायच्या थोडंच आधी मामी गेल्या. त्यांचा तेरावा झाला, शारजाहून आलेली मुलगी परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पॉलिश पेपर आणि पाण्याची बादली घेऊन खाली उतरले. हे सगळं मला सेल्वी अक्काने सांगितलं, थोडं तमिळ, थोडं मोडकं हिंदी करून. ती इमारतीच्या फाटकाशी गाडा लावून इस्त्री करते, आणि इमारतीतल्या प्रत्येक घरची घडी तिला ठाऊक असते. "मामीची शेवटची इच्छा," ती पदराने डोळे टिपत म्हणाली.  अख्ख्या इमारतीचा तोच समज होता, की बिचारे बायकोचा शब्द पुरा करताहेत, आणि बिचाऱ्यांना रंग काही जुळत नाही.

रंग खरंच जुळत नव्हता. दुकानात जाऊन गाडीच्या रंगाचा नंबर सांगितला की डबा मिळतो, ते मला मामांकडूनच कळलं. पण त्या डब्यात असतो तो गाडीच्या जन्मदिवसाचा रंग. आणि इथलं ऊन काय सांगू तुम्हाला! वाळत घातलेला टॉवेल वर्षात ओळखू येत नाही, तिथे गाडीची काय कथा. मामांनी नंबरचा रंग मारला तेव्हा बंपर नवरदेव दिसायला लागला आणि गाडी नवरदेवाची आजी. झालं, घासा परत. मग त्यांनी अंदाजाने पांढरा मिसळला. मग अंदाजाने तपकिरी. दर खेपेला आधी घासायचं, धुवायचं, प्लास्टिकला रंग धरावा म्हणून वेगळा अस्तराचा हात द्यायचा, मग रंगाचे पातळ हात, मग वरून चकाकी. इतकं करून झालं की स्टुलावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठायचं. "इंगे वांग, इकडे या! जुळला कीं नाहीं?"

शेजारी फ्लास्क असायचा, आणि स्टीलच्या वाटीत ठेवलेला पेला. मामांची कॉफी म्हणजे, खोटं कशाला सांगू, मी चहाची माणूस, सांगलीत असताना कॉफी फक्त परीक्षेच्या दिवसांत प्यायलेली. पण त्या कॉफीपुढे मी हात टेकले. आणि ती कुणाला किती मिळावी याचा मामांचा एक अजब नियम होता. "सूपर सार, एकदम सेम!" असं म्हणून जो पुढे जाई, त्याला थेंबही नाही. "थोडा फरक वाटतो" म्हणणाऱ्याला अर्धा पेला. आणि जो खाली बसेल, डोळे बारीक करेल, मान वाकडी करून सावलीतून आणि उन्हातून बघेल आणि "छे, छे!" म्हणेल, त्याला काठोकाठ, वर फेस. सेल्वी अक्का रोज डोक्यावरचं कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून "छे, छे" म्हणायची. बाई हुशार.

नावं ठेवायचीसुद्धा एक भाषा ठरून गेली होती, आणि ती सगळी कॉफीची. रंग फिका वाटला तर "दूध जास्त". गडद वाटला तर "डिकॉक्शन जास्त", म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कोरा अर्क जास्त. आणि नुसताच मेलेला, बेचव वाटला तर "दुसरं पाणी", म्हणजे त्याच पावडरीवर परत उकळतं पाणी ओतून काढलेली कॉफी. हा सगळ्यांत मोठा अपमान. इमारतीचे सेक्रेटरी नटराजन सार निवृत्त इंजिनियर, ते एकदा मोबाइलचा दिवा लावून बंपर तपासत अर्धा तास बसले आणि उठून न्यायाधीशासारखे म्हणाले, "उजवीकडे दूध, डावीकडे डिकॉक्शन." मामांचा चेहरा असा खुलला की जणू मुलगा पहिला आला. मी मनात म्हटलं, या माणसाला कौतुक पचत नाही, नावं ठेवली की अंगी लागतात. कमालच आहे.

जॉर्ज टाउनची हकीकत तर मी सांगलीला फोन करून सगळ्यांना सांगितली. तिथे रंगांची घाऊक दुकानं आहेत, नमुना नेला तर रंग मिसळून देतात. नमुना म्हणून शहाणा माणूस काय नेईल? गाडीचं पेट्रोलचं झाकण काढून नेईल, नाहीतर अख्खी गाडी नेईल. मामांनी काय नेलं? कॉफी. घरी नीट जमवून, गाडीला लावून, रंग ताडून, स्टीलच्या पेल्यात भरून, वर झाकण, झाकणावर रुमाल बांधून ते बसमध्ये बसले. अंबत्तूर ते जॉर्ज टाउन. दोन बस बदलून. दुकानात पोचून मोठ्या विश्वासाने त्यांनी रुमाल सोडला, तोवर कॉफीवर जाड साय धरली होती. दुकानदार सज्जन माणूस. त्याने सायीचा रंग हुबेहूब मिसळून दिला.

"अहो मामा, झाकण काढल्यावर ढवळायचं तरी!" मी कपाळावर हात मारला.

"दुकानांत चमचा कोठें होता?" ते म्हणाले.

तो सायीचा बंपर महिनाभर राहिला. लोक लांबून बघायला यायचे. मामा फ्लास्क दोनदा भरायचे.

आणि एकदा तर नटराजन सारांची वेष्टी. ते लग्नाला निघालेले, पांढरीशुभ्र, जरीकाठी. मामा स्प्रेच्या डब्याने आरशाचं टोपण रंगवत होते. सार नावं ठेवायला जरा जास्तच जवळ वाकले आणि नेमका वारा आला. लग्नात सारांच्या बायकोने चारचौघांत विचारलं, कॉफी पिताना लक्ष कुठे असतं म्हणून. सार आठवडाभर मामांशी बोलले नाहीत. मामा इतके कासावीस झाले की विचारू नका. दर सकाळी त्यांच्या दारात एक भरलेला पेला ठेवून यायचे. आठव्या दिवशी सार खाली उतरले, गाडीपुढे बसले आणि म्हणाले, "वेष्टीवरचा रंग जुळतो. आरशावरचा नाही."

असं चाललं होतं. गाडी कुठे जात नसे. मामी होत्या तेव्हा दर शनिवारी दोघं मारुतीला जात. आता मामा ती फक्त झाडाखालून उन्हात आणि उन्हातून झाडाखाली हलवत, रंग बघायला. मुलगी रविवारी फोन करायची. मामा तिच्याशी तमिळ बोलत आणि नातवंडांशी इंग्रजीत "हाव आर यू, गुड, गुड," म्हणत, की झाला फोन. मी कधी विचारलं, "मामा, घरी एकटं वाटत नाही?" तर म्हणत, "परवायिल्ले, काम आहे कीं." म्हणजे चालतंय, काम आहे. आणि सकाळी माझ्या खिडकीत त्यांचं बंपरशी बोलणं ऐकू येई, तेव्हा मला आपलं बरं वाटे. चला, आपल्या भाषेत कुणीतरी कुणालातरी रागावतंय.

मामींचं वर्षश्राद्ध आलं. मामा ते करायला तंजावरला चार दिवस जाणार होते. जाताना घराची आणि गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "तुळशीस पाणी घाल. गाडी एकदा चालू करून ठेव. आणि कोण्ही रंगाविषयीं काहीं म्हटलें तर लक्षांत ठेव, मीं आल्यावर सांग."

त्यांची रिक्षा फाटकाबाहेर पडली आणि आमच्या डोक्यात किडा शिरला. कल्पना नटराजन सारांची. पण खोटं का बोला, मी त्यांच्याहून जास्त उड्या मारल्या. मामींचं वर्षश्राद्ध! म्हातारा परत येईल, आणि गाडी एकरंगी! प्रशांतच्या कारखान्याजवळ गाड्या रंगवणारा एक चांगला माणूस होता. अख्खी इमारत कामाला लागली. सेल्वी अक्काने गाडीवर घालायला चादरी दिल्या. त्या माणसाने गाडीच्या उतरलेल्या अंगाशी यंत्र लावून रंग मोजला, मिसळला, उन्हात ताडून पाहिला, आणि बंपर, आरसे, मुठी, पट्ट्या सगळं सोडवून नेऊन, रंगवून परत बसवलं. काय सांगू, अंग कुठे संपतं आणि बंपर कुठे सुरू होतो ते हात फिरवूनसुद्धा कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, मामी, तुमची चोळी साडीला जुळली हो.

मामा आले तेव्हा सगळे पार्किंगमध्ये उभे. नटराजन सारांनी गाडीवर चादर घालून ठेवली होती, ती त्यांनी झटक्यात ओढली. टाळ्या!

मामा पिशवी हातात धरून उभे राहिले. मग गाडीभोवती फिरले. बंपरपाशी वाकले, आरशावरून बोट फिरवलं, दाराची मूठ धरून सोडली. सावलीतून पाहिलं, उन्हातून पाहिलं. 

"बहु चांगलें झालें," ते म्हणाले. मग तमिळमध्ये तेच सांगितलं, हात जोडले. "अस्कीं बहु श्रम केलांत." घरात जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी कॉफी केली आणि प्रत्येकाला काठोकाठ दिली. मी प्रशांतला म्हटलं, बघ, किती भारावलेत, शब्द फुटत नाही.

डोंबलाचे भारावलेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फ्लास्क घेऊन खाली उतरले आणि स्टुलावर बसले. लोक नेहमीसारखे कामाला निघाले. स्कूटरवरून कुणी अंगठा दाखवला, "सूपर, राव सार!" आणि गेला. नटराजन सार पेपर घेऊन आले, लांबूनच अभिमानाने गाडीकडे बघितलं आणि वर गेले. सेल्वी अक्काने डोक्यावरचं गाठोडंसुद्धा उतरवलं नाही. ती म्हणाली, "एकदम मामीच्या मनासारखं," आणि आपल्या गाड्याकडे चालायला लागली. मीही कंपनीची बस पकडायला धावत होते. "मस्तच दिसतेय हो मामा!" असं ओरडले आणि धावले. मामांनी हात वर केला. ऊन चढल्यावर ते फ्लास्क घेऊन आत गेले.

तीन-चार दिवस ते असे बसले. मग बसायचे बंद झाले.

मला कळायला आठवडा लागला. एका सकाळी पोळ्या लाटताना मला कसंतरीच व्हायला लागलं. काहीतरी विसरतेय असं वाटत राहिलं. दूध बघितलं, गॅस बघितला. मग लक्षात आलं, खिडकीतून आवाज येत नाही. खाली कुणी कुणाला "रुसलीस कां" विचारत नाही. कॉफीच्या रंगाची गाडी झाडाखाली एकटी उभी होती आणि तिच्यावर पाचोळा पडला होता.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी डब्यात थालीपीठं घेतली आणि मामांकडे गेले. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत नुसते बसले होते. टीव्ही नाही, पेपर नाही. हात मांडीवर आणि हातांना काम नाही. गोपीचंदन मात्र नीट लावलेलं.

"बरं नाही का मामा?"

"बरा आहें कीं."

"मग खाली का येत नाही?"

"येऊन काय करूं? रंग जुळला." त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला नाही. "सांगलीबाई, जुळलें त्यापाशीं कोण्ही उभें राहत नाहीं."

मी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले. 

"तुम्ही अस्कीं म्हणत होतां, रुक्मेच्या शब्दासाठीं मीं रंगवितों. तिज कोठलें बंपराचें पडलें होतें? तें तिणें एकदां म्हटलें आणि विसरली. तिज रोज नवें लागे." ते हसले. "लग्न झाल्यापासून तिणें एक दिवस 'बरें झालें' म्हणून सांगट्लं नाहीं. कापी केली तर, साखर अधिक. शर्ट घातला तर, हा काय रंग. गाडी लावली तर, वांकडी. डांगर पच्चडी केली तर म्हणे, माझ्या आईच्या हातची खाऊन पाहा, मग स्वयंपाक करा. मीं उत्तर द्यायचों, ती त्यावर बोलायची. सकाळीं कापीवरून धरलेलें भांडण रात्रीं ताकापर्यंत पुरे. घर भरून बोलणें होतें."

बाहेर सेल्वी अक्काच्या इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता. मामांनी हातातला तुकडा परत डब्यात ठेवला.

"ती गेली. कापी प्यालों, कोण्ही काहीं म्हणेना. शर्ट घातला, कोण्ही म्हणेना. दिवसभर तोंड उघडलें नाहीं म्हणून संध्याकाळीं देवापुढें स्तोत्र म्हणायास गेलों, तर आवाज फुटेना. म्हणून खालीं गेलों. बंपर घासूं लागलों. तर एक जण थांबला आणि म्हणे, सार, चुकतें आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कान तृप्त झाले गे."

काय सांगू, मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून, म्हाताऱ्याच्या तोंडचं बोलणं काढून घेतलं होतं. आणि वर कॉफी पिऊन आलो होतो.

घरी येऊन मी प्रशांतचा मोबाइल काढून घेतला आणि त्याला हे सगळं सांगितलं. त्याने ताटातला एक घास घेतला. मग म्हणाला, "भाजीत मीठ जास्त आहे." मी लाटणं उचललं. तो म्हणाला, "नाही, म्हटलं आपणही बोलावं." मला हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच खाली उतरले. वाटेत मामांचं दार वाजवलं आणि बाहेरूनच ओरडले, "मामा, चष्मा घेऊन खाली या!" स्वतः गाडीपाशी जाऊन बसले. पाचोळा झटकला. डावा आरसा बघितला. तंतोतंत जुळलेला. नखाएवढा फरक नाही. मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, सावलीतून बघितलं, उन्हातून बघितलं.

मामा आले. "काय झालें?"

"दूध जास्त झालंय," मी म्हटलं.

"कोठें?"

"हा डावा आरसा. गाडी बघा आणि हा बघा. छे, छे! कसला तो माणूस आणि कसलं त्याचं यंत्र. तुम्ही आलात त्या दिवशीच बोलणार होते, पण म्हटलं लोक टाळ्या वाजवताहेत."

मामा चष्मा लावून आरशाकडे बघत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे. त्या आरशात काही खोट नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? इतके महिने घासलेला हात तो.  म्हटलं, आता म्हातारा रागावणार, दया नको म्हणणार, आत निघून जाणार.

मामांनी आरशावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"आहे कीं नाहीं?" ते हळूच म्हणाले. "मीं त्याच दिवशीं पाहिलें. पण अस्कीं एवढे श्रम केलेले, कसें सांगूं?"

आणि ते फाटकाकडे वळून खणखणीत ओरडले, "सेल्वी! इंगे वा! लौकर!"

सेल्वी अक्का डोक्यावर गाठोडं घेऊन आली. आरसा बघितला आणि "चांगला तर आहे," म्हणायला तोंड उघडलं. मी मामांच्या पाठीमागून तिला डोळे वटारले. बाई हुशार, म्हटलं ना मी. तिने गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून वाकली.

"दूध?" ती म्हणाली. "हे तर दुसरं पाणी आहे!"

वरच्या गॅलरीतून नटराजन सारांनी डोकं काढलं, कोण त्या यंत्राला नावं ठेवतंय म्हणून, आणि चपला घालून तरातरा खाली यायला निघाले. मामा बादली आणायला आत गेले. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून बाहेर आले तेव्हा एका हातात बादली होती आणि काखेत फ्लास्क. फाटकाशी माझी बस हॉर्न वाजवत होती. मी ड्रायव्हरला हातानेच सांगितलं, जा बाबा तू.

मामांनी पेला भरला, काठोकाठ, वर फेस, आणि माझ्या हातात दिला.  मी घोट घेतला. अशी कॉफी जगात कुठे होत नसेल. आजवर दर वेळी मी "छान झालीय हो मामा" म्हणत आले होते, आणि दर वेळी ते जरासे हिरमुसून फ्लास्कचं झाकण लावत आले होते.

"कापी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"साखर अधिक झालीय," मी म्हटलं.

बादलीत भिजवायला घेतलेला पॉलिश पेपर त्यांच्या हातात तसाच राहिला. चष्म्यामागचे डोळे भरून आले, ते त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने पुसले आणि वाकून आरसा घासायला घेतला.

"अधिक?" ते म्हणाले. "मग उद्यां यें. कमी घालतों, पिऊन सांग."